उतारवयातला वेग

"अब्बा, आता गाडी सोडा. तुमचं वय झालं."

हे वाक्य आज वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ऐकू येतं. अब्बांच्या जागी कुठे बाबा असतात, कुठे आजोबा, कुठे नाना. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असतं: "चाळीस वर्षं चालवतोय, तू मला शिकवू नकोस." मग मुलगा गप्प बसतो, सून स्वयंपाकघरात जाते आणि चावी खुंटीवर तशीच लटकत राहते.

पूर्वीही हा वाद होता, पण त्याला एवढी धार नव्हती. गाडी म्हणजे स्कूटर किंवा जुनी जीप, आणि रस्ता म्हणजे खड्डे चुकवत जायचा रस्ता. आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि गाड्याही ताकदवान झाल्या आहेत. उतारवयातल्या माणसाने जोरात पळणारी गाडी चालवावी का, चालवली तर कुठपर्यंत, आणि थांबायचं कधी हे ठरवायचं कुणी? मी इतिहासाच्या वाटेने या प्रश्नाकडे जायचं म्हणतो. घरातल्या भांडणात जे दिसत नाही ते कधीकधी इतिहासात दिसतं.

आधी आपल्या जिल्ह्याच्या वेगाकडे पाहू. कारंजा लाडच्या जुन्या माणसांना शकुंतला आठवत असेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन कारंज्यावरून जायची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं, त्यानंतर डिझेल आलं. ती इतकी सावकाश चालायची की तिच्याविषयीचे विनोद अजून सांगितले जातात. त्याच कारंजा तालुक्यातून, पुढे मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून आज समृद्धी जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटरच्या हिशोबाने केलेली आहे आणि सपाट भागात कारला १२० ची परवानगी आहे. ज्या पिढीने तरुणपणी शकुंतलेतून प्रवास केला, तीच पिढी आज साठी-सत्तरीत शेलूबाजारच्या नाक्यावरून समृद्धीवर चढते. एका माणसाच्या आयुष्यात वेग एवढा बदलावा, असं आपल्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं.

मोटारीच्या आधी वेग म्हणजे घोडा. उर्दू शिकवताना मी मुलांना एक गंमत सांगतो. आपण ज्याला चाबूक म्हणतो, तो शब्द फारसीत मुळात 'चपळ' या अर्थाचा आहे. रफ्तार हा शब्द 'रफ्तन' म्हणजे जाणे या क्रियापदावरून आला, त्याचा जुना अर्थ चालण्याची ढब. आणि वयाचे शब्द पाहा. बुजुर्ग म्हणजे फारसीत मोठा, थोर. मराठीतला म्हातारा हा शब्द संस्कृत 'महत्तर' वरून आला, म्हणजे अधिक मोठा. दोन्ही भाषांनी वयाला मोठेपणा दिला. पण चपळाई आणि मोठेपणा एकाच माणसात किती दिवस राहतात, हे शब्दांनी सांगितलं नाही. ते रणांगणावर कळायचं.

आपल्या दख्खनमधलं मोठं उदाहरण मलिक अंबरचं. १५४८ च्या सुमारास हबशी मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा पेशवा झाला. हलक्या घोडदळाने अचानक येऊन छापा घालायचा आणि नाहीसं व्हायचं, ही युद्धपद्धती त्याने दख्खनमध्ये रुजवली. तिचा सगळा जीव वेगात होता. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेशी त्याची गाठ पडली, तेव्हा तो पंचाहत्तरीच्या आसपास होता. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. पाणी पसरलं, चिखल झाला, शत्रूच्या जड फौजेची हालचाल अडली, आणि लढाई त्याने जिंकली. शहाजीराजेही त्या लढाईत त्याच्या बाजूने होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंचाहत्तरीच्या मलिक अंबरला पंचविशीतल्या स्वारासारखं दौडावं लागलं नाही. त्याला जमीन माहीत होती, पाणी माहीत होतं, समोरच्याचा स्वभाव माहीत होता. त्याने दुसऱ्याचा वेग कमी केला. वय माणसाला जे देतं ते हेच. आणि वय जे काढून घेतं, ते घोडा लपवू देत नव्हता. मांड्यांतला जोर गेला की घोडा लगेच ओळखायचा. स्वाराला निवृत्तीचं पत्र द्यायला कुणी अधिकारी लागत नसे.

सुरुवातीच्या मोटारीही बऱ्याच अंशी घोड्यासारख्याच होत्या. जड स्टिअरिंग, पायात सगळा जोर लावून दाबायचा ब्रेक, खडखडणारा गिअर. मुंबईत अशी शर्यतीची मोटार उडवणारा एक तरुण म्हणजे जे. आर. डी. टाटा. २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला जन्मलेल्या जेआरडींकडे बुगाटी होती. मुंबईच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर ती फार जोरात चालवल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी हे वकील गाठले आणि त्या निमित्ताने वकिलांची पुतणी थेल्मा यांची ओळख झाली. १९३० साली दोघांचं लग्न झालं. वेगाबद्दल दंड भरणारे पुष्कळ असतात, वेगापायी सासर मिळालेले थोडे!

पुढे ही ओढ विमानाकडे वळली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. छोटं पस मॉथ विमान, साधारण २५ किलो टपाल, ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग. अहमदाबादला त्या विमानाचं इंधन बैलगाडीतून आणलं होतं. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची चिखलवट जमीन. पावसाळ्यात ती निरुपयोगी व्हायची, म्हणून मुक्काम पुण्याला येरवड्याला हलवावा लागे.

तीस वर्षांनी, १९६२ साली, जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. महाराष्ट्रात आम्हा शिक्षकांना ज्या वयात शाल, श्रीफळ देऊन घरी पाठवतात, ते वय. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला आणि जुहूला उतरले. खुर्ची दुसऱ्याने काढून घेतली तरी विमानातली जागा त्यांच्याकडे राहिली होती.

हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, ७८ व्या वर्षी विमान चालवलं, मग मला गाडी का नको? पण विमानाचा कायदा वेगळा असतो. वैमानिकाला ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, उड्डाणाच्या तासांची नोंद ठेवावी लागते. शिवाय निवडलेलं विमान साधं, जुन्या ओळखीचं होतं, आणि वाटही पन्नास वर्षांच्या परिचयाची. मलिक अंबरसारखंच, जमीन माहीत होती.

याच घराण्यातलं दुसरं उदाहरण रतन टाटांचं. टाटा समूहात संचालकांनी पंचाहत्तरीला निवृत्त व्हावं हा नियम त्यांनी आणला आणि २८ डिसेंबर २०१२ रोजी, स्वतःच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, तो स्वतःला लावून अध्यक्षपद सोडलं. गाडीला मात्र त्यांनी असा नियम लावला नाही. त्यांच्याकडे लाल रंगाची फेरारी कॅलिफोर्निया होती आणि मुंबईच्या रस्त्यांवर ते ती स्वतः चालवताना लोकांनी पाहिलं आहे. त्याआधी फेब्रुवारी २००७ मध्ये, ६९ व्या वर्षी, बंगळुरूच्या हवाई प्रदर्शनात ते एफ-१६ या लढाऊ विमानातून उडाले. तिथे ते सहवैमानिकाच्या जागेवर होते, सोबत कसलेला वैमानिक होता. आपल्या हातात थोडा वेळ नियंत्रण घ्यायचं, पण जबाबदार माणूस शेजारी ठेवायचा, ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता त्या फेरारीकडे जरा यंत्र म्हणून पाहा. २००८ साली आलेली ही गाडी चार सेकंदांच्या आत शून्यावरून शंभरावर जाते आणि तिचा कमाल वेग ताशी ३१० किलोमीटर आहे. तरी तिला क्लचचं पेडल नाही, गिअर यंत्र स्वतः बदलतं, स्टिअरिंग बोटांनी फिरतं. जेआरडींच्या बुगाटीला तरुण खांदे लागायचे. या गाडीला उजव्या पायाची हलकी हालचाल पुरते. आज मंगरूळपीरच्या रस्त्यावर दिसणाऱ्या साध्या ऑटोमॅटिक गाडीचंही तेच आहे, फक्त ताकद कमी.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. घोडा, बैलगाडी, जुनी मोटार ही वाहनं माणसाच्या शरीराची रोज साक्ष काढत. खांदा दुखू लागला, पाय थरथरला की माणूस आपणहून मागे सरायचा. नव्या गाडीने कष्ट काढून घेतले, ही मोठी सोय झाली, गुडघेदुखीच्या माणसालाही प्रवास शक्य झाला. पण कष्टांबरोबर ती साक्षही गेली. ८० वर्षांच्या माणसाला ही गाडी २५ वर्षांच्या तरुणाइतकीच मुकाट्याने वेग देते. डोळा आणि मेंदू मंदावले आहेत, हे ती सांगत नाही.

शर्यतीच्या जगात ही साक्ष स्वतःच काढायची पद्धत होती. अर्जेंटिनाच्या हुआन मान्युएल फान्जिओने १९५७ साली, ४६ व्या वर्षी, जर्मनीच्या न्युरबर्गरिंगवर शर्यत जिंकून पाचवं जगज्जेतेपद घेतलं. तरुण गडी त्याला म्हाताराच म्हणत. अमेरिकन नट पॉल न्यूमन १९९५ साली, सत्तरी गाठल्यावर, डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकणाऱ्या संघात होता. पण मला सर्वांत शिकवून जातो तो इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस. १९५५ साली, २५ व्या वर्षी, त्याने इटलीतली मिल्ले मिलिया ही हजार मैलांची शर्यत साध्या रस्त्यांवरून ताशी सुमारे १५७ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. म्हणजे आपल्या समृद्धीच्या आखणीहूनही जास्त. १९६२ साली गुडवुडला त्याचा भीषण अपघात झाला, महिनाभर तो बेशुद्ध होता. पुढच्या वर्षी त्याने रिकाम्या ट्रॅकवर स्वतःची परीक्षा घेतली. जे पूर्वी आपोआप व्हायचं ते आता विचार करून करावं लागतंय, असं त्याला जाणवलं, आणि अवघ्या ३३ व्या वर्षी त्याने मोठ्या शर्यती सोडल्या. नंतर जुन्या गाड्यांच्या शर्यतींत तो रमला. जून २०११ मध्ये, ८१ व्या वर्षी, ल मान्सला सरावात त्याला स्वतःचीच भीती वाटली आणि त्याच दिवशी त्याने कायमचं थांबायचं जाहीर केलं.

मॉस दोनदा थांबला, एकदा ३३ व्या वर्षी आणि एकदा ८१ व्या. दोन्ही वेळा कारण एकच होतं: शरीर काय सांगतंय ते त्याने ऐकलं. वयाचा आकडा त्यात दुय्यम होता.

ज्यांनी वेळेवर ऐकलं नाही त्यांचीही उदाहरणं आहेत. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप, वय ९७, स्वतः गाडी चालवत असताना सँडरिंगहॅमजवळ दुसऱ्या गाडीवर आदळले. त्यांची गाडी उलटली, समोरच्या गाडीतल्या दोन स्त्रिया जखमी झाल्या, सोबतचं नऊ महिन्यांचं बाळ सुखरूप राहिलं. पुढच्या महिन्यात त्यांनी परवाना परत केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या गाडीने एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी चिरडली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला होता. न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर परवाना नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी आहेच. २०२२ पासून, ज्यांच्या नावावर काही ठराविक नियमभंग आहेत अशा पंचाहत्तरीपुढच्यांना रस्त्यावरची परीक्षाही द्यावी लागते.

आपल्याकडे काय आहे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार वयाच्या पंचावन्नानंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो. वरची वयोमर्यादा नाही. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला, नमुना १-अ, लागतो. अर्जात एक छान प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? हा प्रश्न खरोखर विचारला गेला तर निम्मं काम होईल. पण आपल्याकडे दाखला कसा मिळतो हे मी सांगायची गरज नाही. पुष्कळदा डॉक्टर अर्जदाराकडे मान वर करूनही बघत नाहीत, आणि अर्जदारालाही तेच सोयीचं वाटतं.

आता थोडं गणित, शिक्षकाची सवय. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही आडवं आलं आणि पाय ब्रेकवर जायला तरुणापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी आणखी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एसटीच्या दीड बसइतकी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर साधारण चौपट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, आणि समोरच्या दिव्याने दिपल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो. अनुभव खूप काही देतो, आधीच अंतर ठेवायला शिकवतो, घाई टाळायला शिकवतो. मलिक अंबरची ती शिदोरी प्रत्येक जुन्या ड्रायव्हरकडे असते. पण तो शेवटचा अर्धा सेकंद अनुभवाच्या हातात नसतो.

मग सगळ्यांच्या चाव्या काढून घ्यायच्या का? नाही, आणि इथे मला मुलांच्या बाजूलाही दोन शब्द सांगायचे आहेत. रतन टाटांनी गाडी सोडली असती तर दाराशी ड्रायव्हर उभाच होता. मालेगाव तालुक्यातल्या खेड्यातल्या निवृत्त तलाठ्याने चावी दिली की त्याचा दवाखाना, बँक, शुक्रवारचा बाजार, बहिणीचं गाव हे सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर जातं. माझ्या ओळखीतले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मुलांनी त्यांची गाडी विकून टाकली. दोन महिन्यांत त्यांनी वाचनालयात येणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "प्रत्येक वेळी 'सोडतोस का रे' म्हणायला जीभ वळत नाही." चावीबरोबर माणसाची उठबसही जाते. चावी मागणाऱ्याने हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे, आणि तिच्या बदल्यात काय देणार ते बोललं पाहिजे.

मधली वाट आहे, आणि वर सांगितलेल्या माणसांच्या आयुष्यात ती दिसते. सगळं एकदम सोडायचं नसतं. आधी रात्रीची गाडी सोडावी. मग समृद्धी सोडावा, किंवा तिथे शेजारी कसलेला चालक घेऊन बसावं, रतन टाटा विमानात बसले तसं. गावातला, ओळखीचा, दिवसाउजेडीचा रस्ता शेवटपर्यंत ठेवता येतो, जेआरडींनी ओळखीची वाट ठेवली तसा. आणि वर्षातून एकदा मॉससारखी स्वतःची परीक्षा घ्यावी. ती घरच्यांनी लादलेली नसावी, आपण होऊन दिलेली असावी.

परीक्षा अवघड नाही. सकाळच्या उजेडात घरासमोर गाडी उभी करा, २५ मीटर मोजा, साधारण पस्तीस पावलं होतील, आणि नंबरप्लेट मोठ्याने वाचा. मग शेजारी मुलाला किंवा मुलीला बसवून गावाबाहेर एक फेरी मारा आणि परत आल्यावर त्यांना विचारा, "भीती वाटली का?" उत्तर आलं तर मध्येच तोडू नका. मुलांनीही खरं तेच सांगावं, चावी मिळवायची म्हणून वाढवून सांगू नये.

माझ्या वाचकांत पन्नाशी ओलांडलेले बरेच आहेत आणि त्यांच्या मुलांपैकीही काही जण इथे वाचतात. येत्या रविवारी ही पस्तीस पावलं दोघांनी मिळून मोजावीत, एवढीच विनंती.